टाऊन हॉलची दर्शनी भिंत

पडद्यावर दिसणारी ही दगडी कमानींची भिंत खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातील जुन्या टाऊन हॉलची आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारत शाबूत असल्याचा भास होतो. बाजूच्या बोळात शिरले की मात्र कमानींच्या मागचा भाग आगीत गेला आहे, तिथे माडी नाही, छप्पर नाही, सरळ आभाळ आहे, हे कळते.

धुळ्याला 1862 साली आणि जळगावला 1864 साली नगरपालिका आली. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. इंग्रजी अमदानीत पालिकांसाठी अशा इमारती बांधल्या गेल्या, तेव्हा समोर घडीव काळा दगड, आत वीट आणि चुना, माडीला सागवानी तुळया असा त्यांचा थाट असे. आज जळगाव महापालिकेचा कारभार सतरा मजली इमारतीतून चालतो. त्या मानाने हा दुमजली टाऊन हॉल ठेंगणाच, पण गावाचा चौक त्याच्याच तोंडाकडे पाहून वसला आहे.

आगीने इथे काय केले, ते भिंतीच्या मागच्या अंगाला वाचता येते. माडीच्या उंचीवर चौकोनी खोबण्यांची एक रांग आहे. या खोबण्यांत तुळयांची टोके बसवलेली होती, आणि एका खोबणीत काळे पडलेले टोक अजून अडकून आहे. जाड सागवान आगीत लगेच दगा देत नाही. पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो, तोच थर आतल्या लाकडाला काही काळ जपतो, आणि तासाभरात एका बाजूने साधारण तीन-चार सेंटिमीटर लाकूड जळते. नंतरच्या दुरुस्तीत जिथे लोखंडी गर्डर टाकले होते, तिथे मात्र वेगळेच घडले. साधारण 550 अंश सेल्सिअसला पोलादाची जवळजवळ निम्मी ताकद जाते, आणि त्याआधीच ते तापून लांबते व भिंतीला बाहेर ढकलते. मधल्या कमानीच्या कळीच्या, म्हणजे माथ्यावरच्या मधल्या दगडावरून वर गेलेली तिरपी चीर त्या रेट्याची असावी. दगडाचे जे पापुद्रे खाली पडले आहेत, ते तापलेल्या दगडावर बंबाचे गार पाणी बसल्याने सुटतात. यात आग विझवणाऱ्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही.

तुळयांनी या भिंतीवर नुसता भार टाकला नव्हता, तर तिला मागून धरूनही ठेवले होते. तो आधार गेल्यावर ही उंच, पातळ भिंत एकटी उभी आहे. 1828 च्या आगीत पुण्याच्या शनिवारवाड्याचे आतले महाल गेले आणि दिल्ली दरवाजा राहिला, हे उदाहरण इथे हमखास दिले जाते. तो दरवाजा बुरुजांसह तटाचा भाग आहे आणि स्वतःच्या जाडीवर उभा आहे, हे त्यात विसरले जाते. या भिंतीला तशी जाडी नाही. शिवाय रावेर-यावलकडे केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या करणारा वादळी वारा इथेही येतो, आणि पायाखालची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते.

गावाला खरी हळहळ आहे ती मागच्या खोलीत जळालेल्या पालिकेच्या दप्तराची. जात पडताळणीला अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या दाव्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो, आणि पालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या हा अनेक घरांचा एकमेव आधार असतो. ब्रुसेल्सचे नगरभवन 1695 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच तोफांच्या माऱ्यात आतून जळाले, तेव्हा त्याचेही दप्तर गेले. मनोरा आणि भिंती मात्र राहिल्या, आणि त्या भिंतींच्या आत इमारत पुन्हा उभी करण्यात आली. म्हणजे भिंत राखून मागे नवे बांधणे अशक्य नाही. नुसता देखावा म्हणून भिंत ठेवून तिच्यावर रोषणाई करण्याची सूचनाही ऐकू येते. ती आम्हाला पटत नाही, कारण मागे वापरातली वास्तू नसेल तर भिंतीकडे लक्ष देणारे कोणी उरत नाही.

धोकादायक इमारतीच्या मालकाला नोटीस देण्याचा अधिकार पालिकेचा असतो. इथे मालकही पालिकाच असल्याने तिने स्वतःलाच नोटीस द्यायची आहे, हा त्यातला मौजेचा भाग. तूर्त करायची कामे फार खर्चाची नाहीत. आतल्या बाजूने तिरपे पोलादी टेकू द्यावे लागतील, चिरांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून त्या तडकतात का हे पाहावे लागेल, आणि भिंतीच्या उघड्या माथ्यावर चुन्याचा उतार द्यावा लागेल. सिमेंट तिथे नको, कारण ते भिंतीतली ओल आतच कोंडते. मृग लागण्यापूर्वी एवढे झाले, तर मागे सभागृह बांधायचे की वाचनालय, हा वाद गावाला पावसाळाभर निवांत घालता येईल.