चिठ्ठीवर गोठ्याची एक ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

ताप आठ-दहा दिवस हटत नाही, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. डॉक्टर रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला सांगतात आणि हातात चिठ्ठी देतात. तिच्यावर बहुतेक वेळा नाव, वय आणि ‘ताप’ एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तिथं आणखी एक ओळ हवी. घरी जनावरं आहेत का, आणि एखादी म्हैस नुकतीच गाभडली आहे का? रुग्णाच्या उपचाराला ती उपयोगी पडतेच. पण मला आज बोलायचंय ते ती चिठ्ठी हातात घेणाऱ्या लॅबमधल्या माणसाबद्दल. नमुन्यात काय असू शकतं हे त्याला आधी कळलं, तर तो स्वतःला सांभाळू शकतो.

माझ्या मनात आहे तो ब्रुसेला नावाचा जिवाणू. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली माल्टा बेटावर तो शोधला. जनावरांत तो गर्भपात घडवतो, तोही बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, आणि मग वार अडकते. ती उघड्या हातानं ओढताना किंवा कच्च्या दुधातून तो माणसात येतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवणं हा आपल्या तालमींचा अभिमान आहे, म्हणून हे सांगणं जड जातं. पण दूध उकळलं की हा जिवाणू मरतो आणि न उकळलेल्या दुधात तो जिवंत राहू शकतो.

प्रयोगशाळेत काम करताना लागणाऱ्या जिवाणूंच्या आजारांत ब्रुसेला जगभर वरच्या क्रमांकावर आहे. श्वासातून दहा ते शंभर जिवाणू आत गेले तरी पुरतात. आणि ते हवेत उडतात कशानं? रोजच्या साध्या कामांनी. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना गरगर फिरवणारं यंत्र, थांबल्या थांबल्या त्याचं झाकण उघडलं, जंतू उचलायची तारेची ओली लूप ज्योतीत धरली आणि ती तडतडली, पिपेटच्या नळीतून शेवटचा थेंब जोरात फुंकला, की डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. पूर्वी जंतू वाढवायची प्लेट, म्हणजे झाकणाची चपटी बशी, नाकाशी नेऊन वासावरून जंतू ओळखायची पद्धत होती आणि काही जुन्या हातांना ती अजून आहे. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, ती आजच बंद करा. ब्रुसेला हळू वाढतो, प्लेटवर बारीक ठिपके दिसायला काही दिवस लागतात आणि तोवर प्लेट सहज चार जणांच्या हातांतून गेलेली असते.

जैवसुरक्षेच्या चार पातळ्या मानतात. सर्वांत कडक, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे. राजारामपुरीतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबला तिची गरज नाही. रोजचं काम दुसऱ्या पातळीच्या शिस्तीत नीट होतं. फक्त ब्रुसेलाचा संशय आला की वाढलेलं कल्चर उघड्या टेबलावर हाताळायचं नाही. ते तिसऱ्या पातळीची सोय असलेल्या ठिकाणी जायला हवं.

इथं एक गैरसमज मला फार सलतो. पुष्कळ ठिकाणी ‘हूड आहे की आमच्याकडे’ म्हणून लॅमिनार फ्लो दाखवतात. त्या यंत्रातून गाळलेली हवा नमुन्यावरून वाहत थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. नमुना स्वच्छ राहतो, माणूस मात्र उघडा पडतो. रुग्णाचा नमुना हाताळायला बायोसेफ्टी कॅबिनेटच लागतं. त्यात हवा माणसाच्या बाजूनं आत ओढली जाते आणि जंतू अडवणाऱ्या बारीक हेपा फिल्टरमधून गाळूनच बाहेर सोडली जाते. त्याच्यासमोर पंखा फिरत असेल तर हा हवेचा पडदा मोडतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा बंद ठेवणं सोपं नाही, पण ठेवावाच लागतो.

जंतुनाशकाचंही तसंच. चीनमधल्या लान्झोऊ शहरात जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यात २०१९ च्या उन्हाळ्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर सोडलेली हवा पुरती निर्जंतुक झाली नाही. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा दहा हजारांहून जास्त लोकांच्या रक्तात संसर्गाची खूण सापडली. आपल्या लॅबमधलं हायपोक्लोराइट हे जंतुनाशकही उन्हानं आणि उकाड्यानं उतरतं. पातळ केलेलं द्रावण रोज ताजं हवं, डब्यावर तारीख हवी.

वापरलेल्या प्लेटा आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर निर्जंतुक करायच्या आणि मगच पिवळ्या पिशवीत टाकायच्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतही लॅबचा कचरा जागेवरच निर्जंतुक करा असं सांगितलं आहे. ती पिशवी उचलणाऱ्या मावशींना हिपॅटायटिस बीची लस द्यायची, हेही त्याच नियमांत आहे. टेक्निशियनला लस आणि मावशींना नुसते हातमोजे, असं असेल तर मला ते अन्यायाचं वाटतं. सुई पिशवीतून बाहेर येते तेव्हा ती आधी त्यांनाच टोचते.

आता लॅबच्या मालकांशी थोडं बोलतो. तुमच्याकडच्या एखाद्या मुलीनं प्लेट टेबलावर उघडली आणि दोन दिवसांनी ती ब्रुसेला निघाली, तर तिनं ते लगेच येऊन सांगावं असं वातावरण तुमच्याकडे आहे का? सांगितलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविकं तीन आठवडे देता येतात आणि आजार टाळता येतो. बोलणी खावी लागतील या भीतीनं ती गप्प बसली, तर तिचा ताप महिन्या-दोन महिन्यांनी उमटेल आणि तेव्हा त्या प्लेटशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून एक वही ठेवा. काय सांडलं, काय टोचलं, कोण जवळ होतं, ते त्याच दिवशी त्यात लिहा आणि लिहिणाऱ्याला ओरडू नका. अशा संपर्कानंतर २४ आठवडे अधूनमधून रक्त तपासायचं असतं. तेवढ्यात त्या मुलीनं नोकरी बदलली, तरी तिच्या तपासणीच्या तारखा सांभाळणं आणि तिला फोन करून बोलावून घेणं हे काम तुमचंच आहे.