सोनाराच्या हातची फ्लूट

कानस, चिमटा, धातूची बारीक तार. सोनाराच्या पेटीतली ही हत्यारं. 1794 साली म्युनिकमध्ये जन्मलेले थिओबाल्ड ब्योम वडिलांच्या हाताखाली हेच काम शिकले. फ्लूटचा नाद लागला तेव्हा स्वतःचं वाद्यही त्यांनी स्वतःच घडवलं. 1818 मध्ये ते बव्हेरियाच्या दरबारी वाद्यवृंदात रुजू झाले.

आता ही जुनी लाकडी फ्लूट जवळून पाहा. बोटांसाठी सहा छिद्रं, आणि तीही बोटं पोचतील तिथे पाडलेली. स्वराला हवी असलेली जागा वेगळीच. त्यामुळे काही स्वर खणखणीत, काही दबलेले. ओठ वळवून, फुंक सांभाळून वादकानं ते सुरात आणायचे. वाद्यातली खोट वादकानं जन्मभर झाकत राहावी, हे ब्योमना पटलं नाही. त्यांचं मोठेपण आम्हाला इथेच दिसतं.

1831 मध्ये लंडनला त्यांनी इंग्रज फ्लूटवादक चार्ल्स निकल्सन यांना ऐकलं. मोठी छिद्रं, भरदार आवाज. त्या ताकदीपुढे आपण कमी पडतो, हे ब्योमनी मोकळेपणानं मान्य केलं आणि 1832 मध्ये नवी फ्लूट तयार केली. छिद्रं स्वराच्या सोयीनं पाडली, मोठी ठेवली. बोट पोचत नाही तिथे यंत्रणा पोचते: इथे बोटाखालची कडी दाबली, दांडा फिरला, आणि पलीकडचं झाकण बसलं.

मधली काही वर्षं पोलादाच्या धंद्यात गेली. मग 1846 मध्ये वेगवेगळ्या धातूंच्या, वेगवेगळ्या लाकडांच्या, निमुळत्या आणि सरळ अशा कितीतरी नळ्या करून त्यांनी प्रयोग मांडले. 1847 मध्ये हवी ती नळी सापडली. अंग सरळ, आतला व्यास 19 मिलिमीटर. फक्त फुंकेकडचा भाग 17 मिलिमीटरपर्यंत निमुळता होत जातो. छिद्रं आता इतकी मोठी की बोटाच्या टोकानं नीट झाकली जाईनात. म्हणून झाकणं आली. या झाकणाखालचं मऊ पॅड पाहा. ते कडेला जरा जरी उचललेलं राहिलं, तर हवा निसटते आणि खालचे स्वर विरतात.

1860 मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयानं ही फ्लूट स्वीकारली. आज जगभरच्या वाद्यवृंदांत थोड्याफार फरकानं हीच वाजते.

ब्योमनी आपलं तंत्र लपवून ठेवलं नाही. 1871 मध्ये छापलेल्या त्यांच्या पुस्तकात छिद्रांच्या जागांचं गणितही आहे. 1881 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, म्युनिकमध्येच त्यांचं निधन झालं.