प्रिंटर गेला पॅकिंगला

(यंत्रमागांचा खडखडाट. हळूहळू मागे जातो.)

सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसी. पत्र्याच्या शेडमध्ये माग चालू आहेत. इथं शेजारच्याशी बोलायचं तर तोंड थेट कानाजवळ न्यावं लागतं. म्हणून निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी होतं. उरलेलं तेलुगूत नाहीतर मराठीत, आणि बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन्ही.

इथं टेरी टॉवेल विणला जातो. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. टॉवेलबरोबर ट्रकमधून जाणाऱ्या कागदाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आज आम्ही त्या कागदाच्या मागे फिरलो.

चलन, बिल, पॅकिंग लिस्ट. शिवाय १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल. त्यात गाडीचा नंबर लागतो, आणि बरेचदा तो कळतो गाडी गेटात आल्यावरच. म्हणजे शेवटचा कागद छापायची वेळ येते तेव्हा ट्रकचं इंजिन चालू असतं आणि ड्रायव्हरचा चहा संपलेला असतो.

कागद हवा मागच्या पॅकिंग खात्यात. प्रिंटर पुढच्या ऑफिसात. मध्ये अख्खं माग खातं.

(एक पोरगा मागांच्या रांगेतून पळतोय. हातात कागद.)

दिवसातून किती फेऱ्या, हे त्या पोरानंही मोजलेलं नाही. दुसरं दुखणं निराळंच. प्रिंटर अकाउंटच्या ताईंच्या कॉम्प्युटरला जोडलेला, बाकीचे त्यांच्या कॉम्प्युटरमधून शेअर करून छापायचे. तो कॉम्प्युटर बंद तर सगळ्यांचं छापणं बंद. ताई गड्ड्याच्या यात्रेला सुट्टीवर गेल्या आणि पासवर्डही बरोबर घेऊन गेल्या. मालक सांगतात, "त्या दिवशी बिलं हातानं लिहिली हो!"

मग ठरलं, प्रिंटर मागं न्यायचा.

यूएसबी केबल एवढी लांब जात नाही. ५ मीटरच्या पुढं तिचा भरवसा नाही. लॅनची केबल १०० मीटर चालते, आणि आमचं मत विचाराल तर ती ओढता येत असेल तर ओढावी, बिनतारीच्या नादी लागू नये. पण इथं मागांच्या वरून केबल न्यायची म्हणजे खातं बंद ठेवायचं. ते कोण ठेवणार?

म्हणून ही डबी. वायरलेस प्रिंट सर्व्हर. तळहातावर मावते. एका बाजूला प्रिंटरसाठी यूएसबीचं तोंड, एका बाजूला लॅनचं, वर अँटेना. काम एकच: वायफायवरून आलेला मजकूर घ्यायचा आणि प्रिंटरच्या हवाली करायचा.

(कॉम्प्युटर दुरुस्तीवाला तरुण लॅपटॉप उघडतो. डबी उलटी करून तळाचं लेबल वाचतो.)

वायफायची डबी, पण सुरुवात वायरनंच होते. डबीला अजून आपल्या वायफायचं नाव माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही. म्हणून आधी लॅनची केबल लावून लॅपटॉपवरून तिच्या सेटिंगच्या पानावर जायचं. तिचा कारखान्यातून आलेला पत्ता तळाशी छापलेला असतो. या डबीचा १९२.१६८.०.१०. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ नं सुरू होणारं. तिसरा आकडा जुळत नाही, त्यामुळे लॅपटॉप आणि डबी एकाच केबलच्या दोन टोकांना बसूनही एकमेकांना ओळख देत नाहीत. तासभर इथंच जातो. उपाय सोपा आहे. लॅपटॉपला तेवढ्यापुरता डबीच्या मालिकेतला पत्ता द्यायचा आणि काम झालं की परत घ्यायचा.

पान उघडलं. आता वायफायचं नाव, पासवर्ड. अशा बहुतेक जुन्या डब्यांना २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफायच दिसतं. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीत शोधत बसाल तर संध्याकाळ होईल. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलेलं असेल तर त्यावरही डबी टाकू नका. त्यावरची यंत्रं सहसा एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

यानंतरची पायरी लोक गाळतात. पत्ता कायमचा करणं.

राऊटर ज्याला त्याला तात्पुरते पत्ते वाटत असतो. इथला राऊटर शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले वाटतो. डबीला तसाच सोडला तर आज तिला १०४ मिळेल, लाईट जाऊन आली की १११. कॉम्प्युटर मात्र १०४ लाच कागद पाठवत राहतात, आणि १०४ वर तोवर कुणाचा तरी मोबाईल येऊन बसलेला असतो. म्हणून त्या वाटपाच्या बाहेरचा पत्ता हातानं द्यायचा. दुरुस्तीवाल्यानं दिला १९२.१६८.१.२००. टाइप करताना आकडे इंग्रजी, हे सांगायला नकोच. मग खडूनं तोच पत्ता प्रिंटरच्या मागच्या भिंतीवर लिहिला.

आता कॉम्प्युटर. विंडोजमध्ये प्रिंटर आपोआप सापडेल म्हणून वाट पाहू नका. ‘यादीत नाही’ असा पर्याय खाली असतो, तो घ्या. टीसीपी-आयपी पत्त्यानं जोडायचं म्हणा, २०० चा पत्ता द्या. विंडोज डबी ओळखत नाही, मग मजकूर पाठवायची रीत आपण सांगायची. एक रॉ, पोर्ट (म्हणजे डबीच्या आतल्या दाराचा नंबर) ९१००. एचपीच्या जेटडायरेक्टपासून ही रूढ झाली. दुसरी एलपीआर, पोर्ट ५१५. ती १९९० साली कागदावर नोंदली गेली. एलपीआरला रांगेचं नाव लागतं, ते डबीच्या माहितीपत्रकात असतं आणि अक्षर चुकलं तर बऱ्याचदा काहीच छापत नाही.

(टेस्ट पेज. सगळे प्रिंटरकडे बघतायत.)

कागद आला नाही.

प्रिंटर लहानसा लेझर, स्वस्तातला. अशातल्या काही प्रिंटरना स्वतःचा मेंदू जवळपास नसतोच. चालू केलं की दर वेळी कॉम्प्युटरनं त्यांच्यात फर्मवेअर, म्हणजे त्यांना चालवणारा प्रोग्रॅम, ओतायचं, तेव्हा ते जागे होतात. काहींना छापताना कॉम्प्युटरशी सारखा दोन्हीकडून संवाद लागतो. साध्या डबीला यातलं काही जमत नाही, ती नुसती पुढे ढकलते. हे डबी विकत घेण्याआधी बघायचं असतं. डबीबरोबर चालणाऱ्या प्रिंटरची यादी मिळते, ती आपल्याकडे कोण वाचतं?

मालक दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "काय बे, पैसे पाण्यात?"

तो काही बोलला नाही. कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला डॉट मॅट्रिक्स होता, तीन प्रतींच्या चलनासाठी ठेवलेला. त्यानं तो उचलून आणला, यूएसबी जोडली, कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम, बदलला.

(डॉट मॅट्रिक्सची खरखर. माग खात्याच्या आवाजातही ती ओळखू येते.)

पहिल्या झटक्यात. या यंत्राला मजकूर एकाच दिशेनं आलेला चालतो, ते उलट काही विचारत नाही. आम्हाला वाटलं होतं नवा प्रिंटर सोपा आणि जुना अवघड जाईल.

लेझर पुढंच राहिला. त्यालाही बिनतारी करायचं असेल तर रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर कप्स ही छपाई सांभाळणारी प्रणाली, असा मार्ग आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालतं. त्यात आपल्या लेझरच्या मॉडेलचा ड्रायव्हर असेल तर फर्मवेअर ओतायचं काम तो पाय करतो. दुरुस्तीवाला म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

एक भुताटकी मात्र राहिली. चार कॉम्प्युटर जोडले, त्यातल्या एकावर प्रिंटर ‘ऑफलाईन’. शेजारच्यावर व्यवस्थित. पत्ता तोच, वायफाय तेच. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची खूण होती. विंडोज डबीला त्या भाषेत खुशाली विचारतं, डबी उत्तर देत नाही, विंडोज तिला मेली समजतं. खूण काढली, रांगेत अडकलेले सात कागद एकदम सुटले.

पॅकिंगमध्ये सुताची धूळ फार. कागदाच्या रुळांत ती अडकते. म्हणून पॅकिंगच्या अक्कांनी प्रिंटरवर टॉवेल टाकलाय. दुसऱ्या दर्जाचा, काठ सुटलेला.

(संध्याकाळ. लाईट जाते. माग थांबतात. पहिल्यांदाच शांतता. मग लाईट येते.)

डबी काही सेकंदांत उठते आणि वायफाय शोधते. राऊटर अजून झोपेतून उठतोय. डबीला काही सापडत नाही, ती तशीच बसून राहते. हे अक्कांना कुणी शिकवलेलं नाही. त्या पुढच्या ऑफिसात फोन लावून विचारतात, "राऊटरचा दिवा लागला का?" हो म्हटलं की डबीची पिन काढतात, मनात दहा मोजतात, परत लावतात.

गेटात ट्रक आहे. खरखर सुरू होते.