वीस माणसं, एक लेन

(दृश्य: पहाट. उत्तर अंबाझरी मार्ग. जलतरण तलावाच्या फाटकाशी उभ्या दुचाक्या, स्वेटरवर टॉवेल गुंडाळलेली माणसं.)

डिसेंबरातला रविवार, सकाळचे पावणेसात. नागपूरची थंडी हाडात शिरणारी. पोहण्याची ही स्पर्धा मास्टर्सची आहे, म्हणजे वयाची २५ वर्षं गाठलेल्यांची. वय धरायचं ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं, आणि गट पाच-पाच वर्षांचे: २५ ते २९, ३० ते ३४, असे चढत नव्वदीच्याही पुढे. शर्यतीत प्रत्येकाला आपली लेन मिळते. पण त्याआधीच्या पाऊण तासाच्या वॉर्म-अपमध्ये तिशीतला बटरफ्लायवाला आणि सत्तरीतल्या काकू एकाच लेनमध्ये असतात.

शाळकरी मुलांच्या स्पर्धेत काठावर कोच असतो. तो आपली सगळी मुलं एका लेनमध्ये घालतो आणि शिट्टीवर सोडतो. मास्टर्सना कोच क्वचितच असतो. प्रत्येक जण एकटा येतो आणि स्वतःचा आराखडा डोक्यात घेऊन येतो. कोणाला सलग ८०० मीटर हवेत, कोणाला चार टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं, कोणाला एकच स्टार्ट. गोंधळ इथूनच सुरू होतो.

(दृश्य: वरून घेतलेला तलाव. आठ लेन, पाण्यात डोकीच डोकी.)

हिशेब करून बघू. लेन ५० मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद. एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परतायचं, म्हणजे एक फेरी १०० मीटरची. १६० जण आठ लेनमध्ये एकदम उतरले तर लेनमागे २० जण, आणि दोघांमध्ये अंतर ५ मीटर. ५० मीटरला ५० सेकंद या बेताच्या वेगाने ते अंतर होतं ५ सेकंदांचं. सगळ्यांचा वेग सारखा असेल आणि कोणी थांबणार नसेल, तर २० जणही निभतात.

पण एकाची चाल ४५ सेकंदांची आणि पुढच्याची ७५ सेकंदांची असेल, तर ५ मीटरचं अंतर साधारण ११ सेकंदांत संपतं. मागच्याने भिंत सोडून जेमतेम १२ मीटर झालेले असतात आणि समोर तळपाय दिसू लागतात. म्हणून लेन निवडताना आज, आत्ता, आरामात आपण किती वेगाने पोहणार आहोत ते पाहायचं. शर्यतीतली वेळ इथे उपयोगाची नाही, आणि ओळखीचे लोक कुठल्या लेनमध्ये आहेत हेही नाही. आयोजकांनी लेनच्या टोकाला पाट्या लावल्या, ‘५० मीटर – ४५ सेकंदांच्या आत’, ‘४५ ते ६०’, ‘६०च्या पुढे’, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पाटी नसेल तर काठावर उभं राहून दोन फेऱ्या नुसत्या बघा. कोणाच्या मागे आपण नीट बसतो ते कळतं.

(दृश्य: काठावर बसलेल्या बाई, एक हात काठावर, पाय आधी पाण्यात.)

उतरायचं पाय आधी, काठाला एक हात धरून. सूर नाही, उडीही नाही. पाण्याखालून कोण येतंय ते वरून दिसत नाही. उतरायची जागाही ठरलेली: लेनचा कोपरा. तिथे एकदोन जणांना निघून जाऊ द्या, आणि ५ सेकंदांची फट मिळाली की भिंत सोडा.

दिशेचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. जगभरच्या बहुतेक स्पर्धांत लेनमध्ये उजव्या बाजूने पोहतात, उजवा खांदा दोन लेनमधल्या तरंगत्या दोरीकडे ठेवून. आपला देह मात्र सीताबर्डीच्या वाहतुकीत वाढलेला, डावीकडून चालणारा. शिवाय काही तलावांवर रोजच्या सरावात डावी बाजूच चालते. तेव्हा घोषणा ऐका, आणि घोषणा नसेल तर लेनमध्ये जी दिशा चालू आहे तीच पकडा. ‘आमच्याकडे असं नसतं’ हा वाद वॉर्म-अपनंतर घाला. काही ठिकाणी एकाआड एक लेनची दिशा मुद्दाम उलटी ठेवतात. ती पद्धत आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते. दोरीच्या दोन बाजूंचे लोक मग एकाच दिशेने जातात आणि समोरासमोर येणारे हात एकमेकांवर आदळत नाहीत. घड्याळ, अंगठी, बांगड्या मात्र काढूनच उतरा. बोटाची कातडी सोलायला तेवढं पुरतं.

(दृश्य: पाण्याखालून भिंत. मध्ये टी आकाराची काळी खूण. एक जण वळतो, दुसरा कोपऱ्यात.)

आता भिंत. लेनचं गाडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी आडवी होते. तिथवर आपल्या बाजूने यायचं. तिथून मागे कोणी चिकटलेलं नाही हे पाहून तिरकं मधे सरकायचं, भिंतीच्या मध्याच्या थोडं पलीकडे टर्न घ्यायचा आणि परतीच्या बाजूने सरळ ढकलायचं. जे आल्या जागीच वळतात आणि तिरके निघतात, ते मागून येणाऱ्याच्या छातीवर जातात. थांबायचं असेल तर मधे सरकूच नका. आपल्या बाजूच्या कोपऱ्यात, दोरीला पाठ लावून उभे राहा. ५ सेकंदांच्या अंतराने लोक येत असताना एखादा भिंतीच्या मध्यावर २० सेकंद गॉगल पुसत राहिला, तर मागे चौघं तुंबतात. ते चौघं एकदम सुटतात, एकमेकांच्या फेसात पोहतात आणि पुढच्या भिंतीवर पुन्हा तुंबतात. एकाच्या गॉगलपायी लेनची लय पाच मिनिटं बिघडलेली असते.

पुढे जायची रीत अशी: पुढच्याच्या तळपायाला बोटांनी एकदा हलका स्पर्श करायचा. ओढायचं नाही, पुन्हापुन्हा टोचायचं नाही. ज्याला स्पर्श झाला त्याने वाटेत थांबायचं नाही. भिंतीपर्यंत पोहायचं आणि कोपऱ्यात सरकून मागच्याला जाऊ द्यायचं. ‘या भाऊ, तुम्ही निघा न,’ एवढं पुरे. लेनच्या मधोमध ओलांडायला जाऊ नका. प्रत्येक बाजूला १.२५ मीटरच जागा आहे, आणि समोरून येणारा बॅकस्ट्रोकवाला आकाशाकडे बघतोय.

तोच १.२५ मीटरचा आकडा बटरफ्लायला लागू पडतो. दोन्ही हात पसरले की माणसाची रुंदी जवळपास त्याच्या उंचीएवढी होते, म्हणजे दीड-पावणेदोन मीटर. समोरून दोन बटरफ्लायवाले आले तर २.५ मीटरमध्ये मावतच नाहीत. म्हणून कोणी समोर येताना एका हाताने मारायचं, वाट मोकळी झाली की दोन्ही हातांनी. ब्रेस्टस्ट्रोकची किक बाजूला फाकते, तिच्या मागे असाल तर नेहमीपेक्षा दोनेक मीटर जास्त अंतर ठेवा. पॅडल (तळहाताच्या पट्ट्या) आणि फिन (पायातले पंख) बॅगेतच राहू द्या. किकबोर्डही नको, नुसत्या पायांनी वेग इतका उतरतो की मागची रांग उभी राहते.

बॅकस्ट्रोकवाल्यांनी एक काम मात्र इथेच उरकायचं. भिंतीच्या ५ मीटर आधी वर झेंड्या असतात. झेंडीपासून भिंतीला हात लागेपर्यंत किती हात पडतात ते मोजायचं. तलाव नवा असेल तर दोनतीनदा. बाकी गर्दीत फ्रीस्टाइलच मारा.

पोटरीत गोळा आला तर आपल्या बाजूची दोरी धरा, अंग दोरीला समांतर ठेवा, एक हात वर करा. थंड पाण्यात हे हमखास कोणाला तरी होतं.

(दृश्य: काठावरून लेनमधल्या पोहणाऱ्याच्या डोक्याला मऊ टोकाच्या काठीने हलका स्पर्श.)

नागपुरात रिझर्व्ह बँकेत काम करणाऱ्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत एस-११ गटात २०० मीटर मेडलेचं, म्हणजे चारही प्रकार एकापाठोपाठ पोहायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं. एस-११ हा अंधांचा गट. तिथे गॉगल काळे, आणि दोन्ही टोकांना टॅपर उभे असतात. भिंत आली की काठीने स्पर्श करून सांगतात. हे पोहणारे दोरीचा अंदाज घेत जातात, म्हणून समोरची गर्दी त्यांना सर्वांत घातक. आयोजकांनी त्यांना कडेची लेन मोकळी द्यावी. ते जमलंच नाही तर सोबत एकदोघंच ठेवावेत आणि त्यांची आधी ओळख करून द्यावी. इथे तळपायाला स्पर्श करायचा नाही, त्याचा अर्थ भलताच लागू शकतो. भिंतीपाशी नाव घेऊन बोलायचं.

(दृश्य: स्टार्टिंग ब्लॉक. लेनच्या टोकाला रांग, हात वर केलेला पंच.)

शेवटची १५ मिनिटं एकदोन लेन स्प्रिंटसाठी मोकळ्या होतात. घोषणा झाली की त्या लेनमध्ये वाहतूक एकेरी. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून सूर, पलीकडच्या टोकापर्यंत पोहणं, बाहेर पडून काठाने चालत परत. कोणी पोहत परतला की वरून पडणाऱ्याचं डोकं आणि त्याचं डोकं एका रेषेत येतात. मानेच्या दुखापती अशाच होतात. पुढचा १५ मीटरची खूण ओलांडून गेल्याशिवाय ब्लॉकवर गुडघे वाकवू नका. खाली पाण्यात कोणी बॅकस्ट्रोकसाठी दांडी धरून असेल तर ब्लॉक रिकामा हवा. आणि ब्लॉकखाली पाणी किती आहे ते विचारा. नियम सांगतो की भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटर या पट्ट्यात खोली किमान १.३५ मीटर पाहिजे. जुन्या तलावांच्या उथळ टोकाला ती नसते.

मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून, काठावरून किंवा पाण्यातून भिंत ढकलून, कसाही स्टार्ट चालतो. ज्या आजोबांना पाण्यातूनच सुटायचं आहे त्यांनी सुराच्या रांगेत उभं राहण्याची गरज नाही. त्यांनी आपल्या लेनमधली फट पाहून दोनदा जोरात ढकलून घ्यावं, झालं.

(दृश्य: काठावर कागद घेतलेले आयोजक, मागे घड्याळ.)

आयोजकांसाठी एक हिशेब. बहुतेकांना ६०० मीटर पुरतात: २०० सावकाश, ५०ची चार हळूहळू वेग वाढवत, १०० ड्रिल (हातापायांच्या तंत्राचा सराव), आणि १५ मीटरचे दोनतीन झपाटे धरून उरलेले १०० मोकळे. विश्रांती धरून १५ मिनिटं. त्या पाऊण तासात पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन पाळ्या केल्या तर तेच १६० जण एका वेळी ५४ होतात. दोन लेन स्प्रिंटला काढल्या तरी उरलेल्या सहांत नऊ-नऊ. दोघांतलं अंतर ५ मीटरवरून ११ मीटरवर जातं. तलाव तोच, पाणी तेच. पाळ्या मात्र वयावरून लावू नका, शर्यतींच्या क्रमावरून लावा. ज्याची शर्यत साडेअकराला आहे त्याने सातला अंग गरम करून काय उपयोग? नागपूरच्या डिसेंबरात ओल्या अंगाने बसलेला माणूस अर्ध्या तासात पुन्हा गारठतो. त्याच्यासाठी मधल्या वेळेत १० मिनिटं तलाव उघडा ठेवा. तेही जमत नसेल तर कोरडं अंग, टोपी, स्वेटर, आणि शर्यतीआधी जमिनीवर हात फिरवणं, जागच्या उड्या. तर्री पोहे शर्यत झाल्यावर.

(दृश्य: शिट्टी. लेन रिकाम्या होतात.)

शिट्टी झाली की आहात त्या भिंतीपर्यंत पोहा, दोरीखालून बाजूला सरका आणि कडेच्या शिडीने वर या. ब्लॉकच्या बाजूने चढू नका. विद्युत घड्याळ लावलं असेल तर त्या भिंतीवर हात लागताच वेळ नोंदवणारे टचपॅड बसवलेले असतात, जेमतेम १ सेंटिमीटर जाडीचे. त्यांच्या काठावर भार पडला की पॅड सरकतो, आणि पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या पहिल्या तुकडीत, त्या लेनची वेळ हातातल्या घड्याळावर घ्यावी लागते.

(दृश्य: रिकामा तलाव. दोऱ्या हलायच्या थांबतात. पहिल्या हीटची नावं पुकारली जातात.)