मिरजेची जवारी

[दृश्य : माळ्यावर टांगलेले भोपळे, खालून वर पाहताना]

पडद्यावर दिसणारे हे भोपळे खाण्याचे नाहीत, सतार आणि तंबोरा ही वाद्ये घडवण्याचे आहेत. यांची जात कडू असते, साल जाड असते आणि वेलीवर पूर्ण पिकून वाळल्यावर त्यांचे कवच इतके टणक होते की त्यावर करवत चालवता येते. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर आणि मंगळवेढा या भागांतील शेतांत त्यांचे पीक घेतले जाते आणि तिथून ते मिरजेत, सतारमेकर गल्लीतल्या या घरांत येतात. खालच्या मजल्यावर कारखाना आणि वर राहते घर, अशी इथली अनेक घरे आहेत. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आणि रंध्याचा आवाज एकाच वेळी ऐकू येतो, आणि शाळेत निघालेली मुले लाकडाच्या भुशातून वाट काढत बाहेर पडतात.

रोजच्या जगण्यातले एखादे काम, त्याच्याशी जोडलेले संगीत आणि त्या संदर्भातली ताजी घडामोड एकत्र पाहण्याचा प्रयत्न आपण दर आठवड्याला करतो. या आठवड्यासाठी मिरज निवडले, कारण मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तानपुऱ्याला, म्हणजेच तंबोऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तूचे नाव तिच्या गावाशी कायद्याने जोडणारी नोंद, मिळाले. त्या वेळी झालेला गाजावाजा आता ओसरला असल्याने, ज्या हातांच्या कामाला हे मानांकन मिळाले ते हात, आणि तारेतून झणत्कार काढणारी त्यांची जवारी, जवळून पाहण्यास हीच वेळ योग्य वाटते.

[दृश्य : भोपळा निवडणारा कारागीर]

कारागीर भोपळा उचलतो, दोन्ही हातांत फिरवून पाहतो, बोटाने ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. त्याची नजर घेरावर असते, बूड कसे बसले आहे यावर असते, कुठे बारीक भेग किंवा किडीचे छिद्र आहे का यावर असते. पुरुष गायकाच्या मोठ्या तंबोऱ्याला ५० इंचांच्या पुढचा घेर लागतो, तर स्त्रियांच्या उंच पट्टीच्या तंबोऱ्याला त्याहून लहान भोपळा चालतो. मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात, म्हणून जोडी करायची असेल तर घेराने, उंचीने आणि सालीच्या जाडीने एकमेकांना शोभतील असे दोन भोपळे शोधावे लागतात. निसर्गाने सारखे न घडवलेले दोन भोपळे एका जोडीत बसवण्याची ही निवड मोजपट्टीने अर्धीच होते आणि उरलेला निर्णय अनुभवाने घेतला जातो.

[दृश्य : जुनी तलवार, धार लावण्याचे चाक, त्यानंतर छिन्नी चालवणारा हात]

ही विद्या मिरजेत कशी आली, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. इथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी घडवणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांचा व्यवसाय होता. मराठेशाहीचा अस्त झाला, इंग्रजी अंमल स्थिरावला, आणि हत्यारांची मागणी संपली. धातू आणि लाकूड यांवर बसलेला हात मात्र तसाच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेतील फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याकडे आणि पुढे स्वतः घडवण्याकडे आपले कौशल्य वळवले, आणि आज या गल्लीतली बहुतेक घराणी आपली परंपरा त्यांच्यापर्यंत नेऊन पोहोचवतात. एका पिढीचे जगण्याचे साधन नाहीसे झाल्यावर तिने त्याच हातांनी दुसरी कला उभी करावी, ही गोष्ट मला या सगळ्या प्रवासात सर्वांत प्रेरक वाटली.

या कारागिरीला मिरजेत आश्रयही मिळाला. पटवर्धन संस्थानिकांच्या या गावात गवई येत, राहत आणि शिकवत. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मिरजेत शिष्य घडवले, आणि त्यांच्यापैकीच विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीत दरबारातून आणि मोजक्या घराण्यांतून बाहेर पडून वर्गांत, घरांत आणि सार्वजनिक सभांत जाऊ लागले, तसे वाद्याचे गिऱ्हाईकही बदलले. शिकणाऱ्या प्रत्येकाला तंबोरा हवा होता, आणि तो करणारी माणसे इथे होती.

[दृश्य : मीरासाहेब दर्ग्याचे आवार]

हा मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला आपले गाव मानले आणि १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाल्यावर त्यांना इथेच चिरविश्रांती मिळाली. उरुसाच्या दिवसांत या आवारात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते आणि देशभरातून आलेले कलावंत इथे सेवा म्हणून गातात, वाजवतात. खाँसाहेबांच्या गाण्याचा पाया सुरेलपणाच्या अतिशय सूक्ष्म जाणिवेत होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, मोजणीचे जे प्रयोग केले, त्यांत खाँसाहेबांनी आपला कान आणि गळा दिला. ज्या गावात असा गवई राहतो, त्या गावच्या कारागिराला जवळपास जुळलेला तंबोरा देऊन भागत नाही. मिरजेच्या वाद्याला जो दर्जा आला, त्यामागे ऐकणाऱ्यांचा हा कडकपणाही आहे, असे मी ठामपणे मानतो.

[दृश्य : भोपळा कापणे, दांडी कोरणे, तबली बसवणे]

आता कामाकडे परत येऊ. वाळलेला भोपळा पाण्याने नरम केला जातो, वरचा भाग कापून आतला गर आणि बिया खरवडून काढल्या जातात, आणि आकार टिकावा म्हणून आत काड्यांचा आधार देऊन तो पुन्हा वाळू दिला जातो. दांडीसाठी तून नावाचे लालसर, वजनाला हलके आणि सरळ रेषांचे लाकूड वापरतात. दांडी भरीव नसते, ती आतून कोरून पोकळ केलेली असते, त्यामुळे बोटाने छेडलेल्या तारेचे कंपन तिच्यातही घुमते. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा हा वाद्याचा सर्वांत नाजूक सांधा असून तारांचा सगळा ताण वर्षानुवर्षे त्याला सोसावा लागतो. भोपळ्याच्या उघड्या तोंडावर लाकडाची तबली बसते. ती किंचित फुगीर असते, आणि तिची जाडी किती ठेवायची हे कारागीर ठोकून ठरवतो. जाड राहिली तर आवाज आत कोंडतो, फार पातळ झाली तर काही काळाने ती तारांच्या दाबाने बसते.

नक्षीकाम कॅमेऱ्याला फार आवडते, आणि ते इथे भरपूर आहे. भोपळ्यावर कोरून चिकटवलेली लाकडी पाने, कडेने बसवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांतली काळी वेलबुट्टी आणि त्यावर लाखेच्या पॉलिशचे हात दिसतात. पूर्वी या सजावटीला आणि तारा जिच्यावरून जातात त्या घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरले जाई. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, पुढे तो अधिक कडक झाला, आणि आता त्या जागी सेल्युलॉइड, उंटाचे हाड, शिसवी किंवा कृत्रिम पदार्थ आले आहेत. हा बदल योग्यच होता आणि कारागिरांनी तो पचवला.

[दृश्य : घोडीवर चालणारी कानस, अगदी जवळून. सुरुवातीस निवेदन नाही.]

या चित्रफितीचे हृदय इथे आहे, म्हणून हे दृश्य आम्ही लांब ठेवले आहे.

तबलीवर आडवी बसवलेली ही घोडी. तिच्यावरून चार तारा जातात. पहिली पंचमाची (प), किंवा रागात पंचम नसेल तर मध्यमाची (म) वा निषादाची (नी), मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या (सा) आणि शेवटची पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची. व्हायोलिनच्या घोडीवर तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला अतिशय मंद उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच घासत राहते, आणि त्या घासण्यातून मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. या उताराला आणि त्यातून येणाऱ्या झणत्काराला जवारी म्हणतात. खर्जाची तार उत्तम जवारीवर जुळली की कोणीही न वाजवलेला गंधार (ग) त्या नादातून ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो ऐकू येईपर्यंत अनेक जण गायला सुरुवात करत नाहीत.

सर सी. व्ही. रामन यांनी या गोष्टीकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले होते. १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या घोड्यांविषयी लिहिले. तार ज्या बिंदूवर छेडली असता ठरावीक उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पोटातला एखादा वरचा स्वर, उमटू नये असे त्या वेळचे शास्त्र सांगत होते, तिथे छेडूनही तो उपस्वर या वाद्यांत ठळक ऐकू येतो, हे त्यांनी नोंदवले आणि त्याचे श्रेय घोडीच्या या विशिष्ट घडणीला दिले. मिरजेतल्या कारागिरांकडे तोवर हे ज्ञान दोन-तीन पिढ्या बोटांत आणि कानांत नांदत होते.

पाहा, कानस किती हळू फिरते आहे. दोन-चार हात मारायचे, घोडी पुसायची, तार परत चढवायची, छेडायची आणि ऐकायचे. मग तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवायचा आणि तो केसभर पुढे-मागे करत नाद खुलतो ती जागा शोधायची. गवयाला खुली, झणझणीत जवारी हवी की गोल, मऊ, हेही कारागिराला ठाऊक असावे लागते. यासाठी मोजमापाचा कागद नाही. काही जण वडिलांसमोर बसून वर्षानुवर्षे घोड्या घासतात आणि तरीही जवारीचे शेवटचे हात वडिलांनाच मारू देतात. गल्लीत वाद्ये करणारे अनेक आहेत, परंतु ज्यांच्या जवारीवर मोठे गवई डोळे मिटून विश्वास टाकतात, असे हात मोजकेच आहेत. तंबोरा शोभेच्या नक्षीने ओळखला जातो आणि विकला जातो, याचे मला मनापासून दुःख आहे. वाद्याची खरी किंमत बोटाएवढ्या रुंदीच्या या उतारात आहे.

[दृश्य : मानांकनाचे प्रमाणपत्र, कार्यालयाची पाटी]

भौगोलिक मानांकन १९९९ च्या कायद्यानुसार दिले जाते, त्याची नोंदणी चेन्नईतील कार्यालयात होते आणि ती दर १० वर्षांनी नव्याने करावी लागते. मिरजेच्या सतारीसाठी आणि तानपुऱ्यासाठी इथल्या कारागिरांच्या दोन संस्थांनी स्वतंत्र अर्ज केले होते. मानांकन मिळाल्यानंतर ज्यांची अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद होते, त्यांनाच हे नाव आपल्या वाद्यावर लावता येते. दुसरीकडे घडवून मिरजेच्या नावाने खपवलेल्या वाद्याला यामुळे कायद्याचा अटकाव झाला आहे. मात्र घरात एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने ही नोंद करून घेतली नाही, तर त्याच्या वाद्याला त्याच्याच गावाचे नाव अधिकृतपणे लावता येणार नाही. म्हणून संस्थांनी या छोट्या घरांपर्यंत स्वतः जावे.

रियाजासाठी यांत्रिक तंबोरा आणि मोबाइलवरचा तंबोरा आता सर्वत्र आहे, मागणी घटली आहे, आणि या घरांतली अनेक तरुण मुले दुसऱ्या नोकरीधंद्याकडे वळली आहेत.

[दृश्य : दुरुस्तीसाठी आलेली जुनी वाद्ये, त्यांवरील चिठ्ठ्या]

शेवटी हा कोपरा दाखवायचा आहे. इथे नवी वाद्ये नाहीत. तडकलेले भोपळे, निखळलेले गळे, बसलेल्या तबल्या, आणि तारांनी खाचा पडलेल्या घोड्या यांची ही रांग आहे. तार घासून घासून घोडीत खाच पडते आणि जवारी बंद होते, म्हणून नियमित वाजणाऱ्या तंबोऱ्याची जवारी ठरावीक काळाने नव्याने काढावीच लागते. गाणाऱ्यांना हे माहीत असते. आजीचा किंवा वडिलांचा तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा करून ठेवणाऱ्यांना मात्र अनेकदा वाटते की तो आता निकामी झाला. तसे सहसा नसते. फुटलेला भोपळा सांधता येतो, फारच गेला असेल तर दुसरा बसवता येतो, आणि वाळून मुरलेली जुनी दांडी इथले कारागीर जपून ठेवतात, कारण तसे लाकूड आता सहज मिळत नाही.

तुमच्या घरी असा तंबोरा असेल तर तारा आधी सैल करा, म्हणजे प्रवासात गळ्यावर ताण येणार नाही. घोडी आणि तारांवरचे, स्वर बारीक जुळवणारे सुटे मणी वेगळ्या पुरचुंडीत बांधा, वाद्याला मऊ कापडाचा आधार द्या, आणि ते मिरजेला घेऊन या. स्वतः येणे जमले तर फार बरे, कारण जवारी काढताना तुमच्या गाण्याची पट्टी कोणती आणि नाद कसा हवा, हे कारागीर तुम्हालाच विचारणार आहे.