साडेअकरा खाडे

नमस्कार श्रोतेहो. आज मला माझ्या आजीबद्दल बोलायचंय. माझ्या वडिलांची आई. गेल्या वर्षी ती गेली, नव्वदी पार करून, घरात, आपल्या माणसांत. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. पाटी लावलेलं हॉटेल नाही हं, चाळीतली खानावळ, एका खोलीत. त्याच खोलीत संसार, त्याच खोलीत चार मुलं आणि त्याच खोलीत दोन्ही वेळेला मिळून पंचवीस गिरणी कामगारांच्या पंगती.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. आजोबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर, आधी बरीच वर्षं बदली कामगार म्हणून, मग कायम झाले आणि कायम झाल्यावर थोड्याच वर्षांत छातीच्या दुखण्याने गेले. आजीने गावाकडे परत जायचं नाकारलं. दीर न्यायला आले होते. ती म्हणाली, पोरांची शाळा इथं हाय. झालं. गावची माणसं मिलमध्ये होतीच, बायका-मुलं गावाला आणि हे एकटे इथं गाळ्यात राहणारे, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, त्यांना घरचं जेवण पाहिजे होतं आणि हिला चार मुलं वाढवायची होती. गिरणगावात अशा बायका घराघरात होत्या. मिलच्या भोंग्यावर त्यांचा दिवस चालायचा. पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा भल्या पहाटे तयार, रात्रपाळीवाला सकाळी सातला सुटून यायचा त्याचं ताट वेगळं, आणि मधल्या वेळात दळण, नळावरचं पाणी, रेशनची लाइन, वखारीतला कोळसा. आणि भाकऱ्या. भाकऱ्या किती ते मी सांगतच नाही, तुम्हीच गुणाकार करा, कष्टाची माणसं होती, दोन भाकऱ्यांवर उठणारी नव्हती. (आणि भाकरी थापलेलीच हवी, श्रोतेहो. हल्ली प्लास्टिकच्या कागदावर लाटतात, दिसायला गोल दिसते पण तिला पापुद्रा सुटत नाही. माझं हे मत आहे आणि ते बदलणार नाही.)

आता मुख्य गोष्ट. मुख्य गोष्ट म्हणजे खाडा. मेसमध्ये जेवलेल्यांना खाडा सांगायला नको, ज्या दिवशी जेवला नाहीत त्या दिवसाचे पैसे महिन्याच्या हिशोबातून वजा. आजीचा नियम साधा होता. सांगून गेलात तर खाडा, न सांगता गेलात तर खाडा नाही, कारण पीठ मळलेलं असतं आणि तांदूळ धुतलेला असतो. एक वेळ चुकली तर अर्धा खाडा. सांगून गेलात तर खाडा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजीला लिहिता येत नव्हतं. तिचा सगळा हिशोब चुलीमागच्या भिंतीवर. प्रत्येक माणसाची एक खूण, कोळशाने काढलेली. एकाचा मासा, एकाची टोपी, एकाची छत्री, एकाचं बैलगाडीचं चाक, एकाचा नांगर. खुणेखाली उभ्या रेघा म्हणजे पूर्ण खाडे, ठिपका म्हणजे अर्धा. पहिल्या तारखेनंतर पगार झाला, पैसे चुकते झाले की ओल्या फडक्याने भिंत पुसायची आणि नवा महिना सुरू.

तर १९६७ साल. ११ डिसेंबर, सोमवार, पहाट. कोयनेचा भूकंप. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, हादरा मुंबईतही जाणवला होता, कोयनेची वीज बंद पडली होती. कोयनानगर पार उद्ध्वस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि पाटण तालुक्यात गावंच्या गावं दगडमातीचा ढीग झाली. पाटण तालुका म्हणजे आजीचं गाव आणि आजीच्या निम्म्या जेवणाऱ्यांचं गाव. बातमी लालबागमध्ये पोचली आणि माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, कोण एसटीने, कोण मिळेल त्या ट्रकने. कुणी कुणाला सांगून गेलं नाही. सांगणार कधी आणि काय?

आजीला जाता आलं नाही. तिच्या माहेरचं घर पडल्याचा निरोप चौथ्या-पाचव्या दिवशी आला, माणसं वाचलीत एवढंच कळलं. पण उरलेली निम्मी माणसं कोकणातली, कोल्हापूरकडची, ती इथंच होती आणि ती दोन वेळ जेवत होती. वडील सांगायचे, ते दिवस आई अजिबात बोलायची नाही, भाकऱ्या थापायची आणि भिंतीवर रेघा काढायची. होय, रेघा काढायची! जे न सांगता गेले त्यांच्या खुणेखाली ती रोज एकेक खाडा मारत होती. नियम तिचाच आणि तो तिनेच बाजूला ठेवला, कुणाला न विचारता.

आता माझे वडील तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. नाताळची सुट्टी होती, महिनाअखेर आली होती. आई गप्प गप्प असते, घर काळंकुट्ट झालंय, तर आपण काहीतरी करावं म्हणून त्यांनी दुकानातून चुना आणला, त्यात नीळ घातली, आणि आजी भाजीला गेली होती तेवढ्या वेळात चुलीमागची भिंत वरपासून खालपर्यंत रंगवून काढली. झकास, पांढरीशुभ्र. मासा गेला, टोपी गेली, छत्री गेली, नांगर गेला. पंचवीस माणसांचा अख्खा डिसेंबर गेला.

आजी आली. पिशवी हातातच. भिंतीकडे बघत उभी राहिली. वडील सांगायचे, मला कळलंच नव्हतं मी काय केलंय, मी शाबासकीची वाट बघत होतो, आणि मग आत्या रडायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजीने मारलं नाही. ती म्हणाली, "भिंत झाक झाली रं," आणि कोळसा मागितला. पण चुना ओला, कोळसा धरेना. मग धाकट्या आत्याची शाळेची पाटी घेतली, पेन्सिल घेतली, आणि म्हणाली, बस हितं माझ्याजवळ.

संध्याकाळची पंगत बसली. तोपर्यंत गावाला गेलेले बहुतेक परत आले होते, गिरणी किती दिवस बुडवणार. आठ माणसं एका वेळी. आजी वाढत होती, आणि वाढता वाढता एकेकाचे खाडे बोलत होती, आणि वडील पाटीवर लिहीत होते. कॅलेंडर नाही, वही नाही, काही नाही. ती तारखांवर चालतच नव्हती, ती चालत होती त्या दिवशी चुलीवर काय होतं त्याच्यावर! "मासा, तू आलास त्या दिशी सुकटीचं कालवण केलतं, बेस्तरवार हुता, मंजी तुझं धा." "चाक, तू सकाळच्याला आलास, वांगं-बटाटा हुता, तू वांगी काढून ठिवलीस, तुझं आठ." माणसं मान हलवत होती. एक छत्रीवाला म्हणाला, मावशी माझे सहा झाले. आजी म्हणाली, "चार. परवाच्या दिशी उभ्या उभ्या च्या-चपाती खाऊन गेलास न्हवं? आन त्याच्या आदल्या राती भात मागून घेतलास." तो हसला आणि म्हणाला, चारच, बरोबर आहे.

मग आला नांगरवाला. त्याचं गाव कोयनेच्या अगदी जवळचं, त्याचं घर पूर्ण बसलं होतं, बैल गेला होता. अकरा तारखेला सकाळीच निघून गेला होता आणि बावीस तारखेला रात्रीच्या जेवणाला परत आला होता. आजी म्हणाली, "साडेअकरा."

तो म्हणाला, "मावशी, माझं धरू नका. मी सांगून गेलो न्हाई."

"साडेअकरा."

"नियम हाय तुमचा. पीठ मळलं आसंल तुम्ही."

"मळलं तर मळलं. साडेअकरा."

"आवो, तुमचं म्हायेरचं घर पडलंय, चार लेकरं हायती. पाच धरा."

आजी म्हणाली, "माझं म्हायेर माझा भाऊ बघल. तुझं घर कोण बांधणार हाय, मिलचा मालक?"

तो म्हणाला, बरं सात. आजी म्हणाली साडेअकरा. तो म्हणाला दहा. म्हणजे बघा श्रोतेहो, उलटा भाव चालला होता! जेवणारा पैसे जास्त देतो म्हणतोय आणि खानावळवाली कमी घेते म्हणतेय, आणि दोघंही अगदी हट्टाला पेटलेले, पंगतीतल्या बाकीच्यांचे घास हातात थांबलेले. शेवटी आजीने डाव ताटलीत आपटला आणि म्हणाली, "खानावळ माझी हाय, हिसाब माझा हाय. साडेअकरा खाडं म्हंजी साडेअकरा खाडं. दहा न्हाईत आन बाराबी न्हाईत. भात घे." आणि वडिलांना म्हणाली, लिव्ह.

वडिलांनी लिहिलं. नांगरवाल्याने भात घेतला.

त्या रात्रीपासून हिशोबाची वही वडिलांकडे आली. आजीने खुणा सोडल्या नाहीत, वहीतसुद्धा मासा आणि टोपीच काढायला लावायची, नाव लिहिलं तर म्हणायची मला कसं कळंल. वडील पुढे बेस्टमध्ये कंडक्टर लागले. दोन्ही आत्या मॅट्रिक झाल्या, काका आयटीआय करून वायरमन झाला. चारही मुलं त्या चुलीवर शिकली.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगते आणि ऐकणारे म्हणतात, वा, काय त्याग, साक्षात अन्नपूर्णा. मला ते आवडत नाही. आजीलाही आवडलं नसतं. तिने खाडे माफ केले नव्हते, मोजले होते. बारा धरले असते तर मुलांच्या तोंडचं गेलं असतं, दहा धरले असते तर त्या माणसाच्या घराचं गेलं असतं. ती धंदा करत होती, चोख धंदा. तिची माया त्या चोखपणातच होती, पण आपल्याकडे बाईने जेवण घातलं की लगेच तिला देवी करून टाकतात आणि तिच्या कामाचे पैसे कुणी विचारत नाही. (आणि आता पुण्याच्या मेसमध्ये खाडाच धरत नाहीत! माझा मुलगा तिथे शिकतो. महिन्याचं पॅकेज घ्या, जेवा नाहीतर जेवू नका, पैसे तेवढेच. मला याचा संताप येतो, पोरं आजारी पडून झोपलेली असतात.)

या बायकांच्या कामाकडे कामगार म्हणून पाहिलं ते कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी. १९७४ सालच्या बेचाळीस दिवसांच्या संपात खानावळवाल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, तरी चाळीतल्या बाईला बँकेच्या दारात उभं राहायला कुणीतरी सोबत लागतंच. आजीने कर्ज घेतलं आणि फेडलं. पासबुकावर अंगठा होता, पण हप्ता किती राहिलाय ते तिला पासबुकाआधी माहीत असायचं.

मग १८ जानेवारी १९८२. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने चालेल. आजीने कुणाचं ताट बंद केलं नाही, उधारी वहीत मांडत राहिली, पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. पण पावसाळा तोंडावर आला तशी माणसं एकेक करून गावाकडे निघाली, पेरणीला म्हणून गेली. या वेळी सगळे सांगून गेले. वडिलांनी वहीत खाडे मांडले, महिनाभराचे, दोन महिन्यांचे, आणि मग एक दिवस आजीच म्हणाली, आता नको मांडू. पुष्कळ गिरण्या परत कधी नीट सुरू झाल्याच नाहीत. काहींनी उधारी आणून दिली, कुणी मनिऑर्डरने, कुणी तांदळाच्या पोत्याने. काहींनी नाही. आजीने त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, पण आकडा मात्र तिला शेवटपर्यंत पाठ होता.

मी त्या संपाच्याच वर्षी जन्मले. मला आठवते ती खानावळ बंद झाल्यानंतरची आजी, डोंबिवलीच्या फ्लॅटमधली, जिच्या हाताला थोडा स्वयंपाक करता यायचाच नाही. आम्ही सहा नातवंडं. कुणाला मिठाची आमटी आवडते, कुणाला खरपूस कडा लागतो, कुणाला भात आधी, सगळं डोक्यात. मी नोकरीला नाशिकला गेले तर फोनवर कशी आहेस असं कधी विचारलं नाही. "काल राती काय केलतंस?" हेच. आणि खोटं सांगितलेलं तिला कळायचं. खिचडी म्हटलं की म्हणायची, म्हणजे उपाशी झोपलीस. माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस माझ्या ताटाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, तेव्हा तिची पंचाहत्तरी उलटून गेली होती. शेवटच्या वर्षात माणसं ओळखायला चुकायची, माझ्या नवऱ्याला एकदा छत्रीवाला समजून म्हणाली, लई दिसानं आलास, रात्रपाळी हाय व्हय? त्याने हो म्हटलं आणि पाटावर बसला.

तर श्रोतेहो, वेळ संपत आली. माझी एक विनंती आहे. मिलच्या मस्टरवर कामगारांची नावं होती, आजीच्या भिंतीवर फक्त खुणा होत्या, आणि वडीलही आता नाहीत, त्यामुळे ती माणसं कोण, कुठल्या गावची, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. तुमचे वडील, आजोबा लालबाग-परळला खानावळीत जेवत असतील, साठच्या, सत्तरच्या दशकात, पाटणकडचे असतील, आणि त्यांनी कधी घरी सांगितलं असेल की आमच्या मावशीने भिंतीवर आमचा नांगर काढला होता, किंवा मासा, किंवा छत्री, तर रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. पाकिटावर फक्त 'खानावळ' एवढं लिहा, माझ्यापर्यंत येईल. नमस्कार.