धूर कुठे सोडायचा, याचाही नियम आहे

नमस्कार मंडळी. सायलेन्सर मॉडिफाय करायचा विषय निघाला की गप्पा लगेच आवाजावर जातात. डेसिबल किती, पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली कसे चिरडले, ते व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. आवाजाचं बोलायलाच हवं, त्यात वाद नाही, पण आज मी ते बाजूला ठेवतोय, कारण पाइपचं तोंड नेमकं कुठे उघडतं हे कोणी विचारतच नाही आणि माझ्या मते खरी जिवाशी गाठ तिथेच आहे.

नियम छोटासा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 112. मोटारसायकल वगैरे सोडल्या तर बाकी गाडीचा धूर खाली जमिनीकडे सोडायचा नाही आणि डावीकडेही सोडायचा नाही, तो मागे किंवा उजवीकडे गेला पाहिजे. एवढंच. आता डावीकडे का नको? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणजे आपल्या डावीकडे कोण असतं ते डोळ्यासमोर आणा: फुटपाथ, बसस्टॉप, भाजीची गाडी, आईचा हात धरून शाळेत निघालेलं पोरगं, आणि त्या पोराचं नाक साधारण तुमच्या डोअर हँडलच्या उंचीला. सिग्नलला तुम्ही नव्वद सेकंद थांबता आणि पाइप डावीकडे उघडत असेल तर ते सगळं त्याच्या तोंडावर. खाली का नको, तर आपल्या रस्त्यांच्या कडेला माती असते, जोरात फुंकर बसली की धुरळा उठतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये घाटमाथ्यावर वाळलेल्या गवतात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलंत तर खाली वळलेला गरम पाइप आग लावू शकतो. ऑफरोडवाल्यांनी हे फार सिरियसली घ्यायला हवं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. पाइप डाव्या कोपऱ्यात असणं वेगळं आणि पाइपचं तोंड डावीकडे असणं वेगळं. मागच्या बंपरखाली डाव्या कोपऱ्यातून सरळ मागे बघणारा पाइप चालतो, कंपनीतूनच दोन्ही बाजूंना दोन टेलपाइप आलेल्या गाड्याही आहेत, कारण नियम बघतो धूर कुठल्या दिशेला जातो ते.

टँकरचं मात्र उलटं आहे, आणि ते मला फार आवडतं कारण त्यात नियमामागचं डोकं दिसतं. पेट्रोल-डिझेलचा टँकर बघा, त्याचा सायलेन्सर पुढे असतो, बंपरखाली, आणि तोंडाला ठिणगी अडवणारा स्पार्क अरेस्टर. मागे हजारो लिटर ज्वलनशील माल आहे, तर गरम गॅस त्यापासून शक्य तितका लांब सोडायचा. त्या अरेस्टरला मान्यता देणाऱ्या खात्याचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. ट्रॅक्टरचा पाइप वर उभा, शेतातल्या कामाला तेच सोयीचं. अमेरिकेत लोक उजवीकडून गाडी चालवतात, तिथे बसच्या फेडरल नियमात सरळ अंतरच लिहिलंय, पेट्रोल बसचा पाइप बसच्या अगदी मागच्या टोकापासून 6 इंचांच्या आत उघडला पाहिजे, बाकी इंधनांना 15 इंच, किंवा मग उघडणाऱ्या सगळ्या खिडक्या-दारांच्या मागे. देश कुठलाही असू दे, शेवटी प्रश्न एकच, त्या तोंडाजवळ श्वास कोण घेतंय.

आता साइड एक्झिट. रॅलीच्या गाड्या बघून पोरं येतात, मफलर काढा, मागच्या चाकाच्या पुढूनच पाइप बाहेर काढा म्हणतात. जीपवाल्यांचं कारण वेगळं आणि खरं असतं, टेलपाइप दगडावर आपटून चेपतो, म्हणून ते मागच्या अ‍ॅक्सलच्या आधीच कापून टाकतात. दोन्हीकडे परिणाम एकच, धूर गाडीच्या पोटाखाली सुटतो. गाडी पळत असताना वाऱ्याने निघून जाईल असं वाटतं, पण ट्रॅफिकमध्ये, पार्किंगमध्ये, पावसात काचा बंद करून एसी लावून बसलात की तो तिथेच साचतो आणि आत यायला वाट शोधतो. वाटा असतातच. एका जुन्या जीपचं फ्लोअरिंग आम्ही उचललं होतं, वायरिंग जिथून आत येतं तिथला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोक बंद करणारा रबराचा बूच, सुकून तडकलेला आणि त्याच्या भोवती पत्र्यावर काजळीचं काळं कडं उमटलेलं, बोट फिरवलं की बोट काळं. मालकाची तक्रार काय तर लांबच्या ड्राइव्हला बायकोचं डोकं दुखतं. त्यांना वाटायचं गाडी लागते.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला 200 पटींहून जास्त घट्ट धरतं, म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी हळूहळू जागा अडवत जातो, माणसाला आधी डोकेदुखी, मग मळमळ, मग झोप, आणि झोप आली म्हणून माणूस झोपतो. कॅट-कॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आहे ना, असं म्हणाल, तर तो गरम झाल्याशिवाय काम करत नाही, थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं गॅस जवळपास तसाच बाहेर येतो, आणि गाडी सुरू करून आपण उभे असतो ते बहुतेक वेळा बेसमेंटमध्येच. चौकोनी पाठीच्या गाड्यांना अजून एक त्रास, चालताना त्यांच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि मागचं दार उघडं ठेवून सामान नेत असाल तर मागे सोडलेला धूरही आत ओढला जातो. म्हणजे पाइप नियमात असला तरी दार बंदच हवं.

गॅरेजवाल्या मित्रांनी नियम 113 पाठ करावा. सायलेन्सर पाइप आणि फ्यूएल लाइन यांच्यात निदान 35 मिलिमीटर अंतर हवं. साधारण दोन बोटं. पाइप डावीकडून काढून उजवीकडे फिरवताना नेमकं हेच राहून जातं, कारण तिकडे चेसिसला चिकटून फ्यूएल लाइन गेलेली असू शकते, ब्रेकची लाइन, हँडब्रेकची केबल असू शकते, आणि जॅकवर उभ्या गाडीत जे अंतर दिसतं ते गाडी खाली उतरवून चार माणसं बसवली की उरत नाही, शिवाय पाइप रबरी हँगरवर हलतो. बसला तर नियम 114 वेगळा आहे, पाइपवर जळणारं काही पडणार नाही असं आवरण किंवा तशी जागा पाहिजे.

मोटारसायकलला 112 लागू नाही, पण आपल्याकडे सिंगल सिलिंडर गाड्यांचा सायलेन्सर बहुतेक उजवीकडेच असतो. साइड स्टँड डावीकडे, आपण चढतो डावीकडून, मागे एका बाजूला बसलेल्या बाईचे पाय डावीकडे, साडीचा पदर, पिशवी सगळं त्याच बाजूला. कस्टम बिल्डमध्ये डावीकडे उंच पाइप काढण्याआधी मागच्या माणसाची पोटरी कुठे येते ते बसवून बघा, भाजलेल्या पोटरीचा डाग वर्षानुवर्षं जात नाही.

कायद्याचा दणका किती, तोही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की गाडीत मूळ माहितीशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हे कलम कडकच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182अ आलं, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाचं 190(2) त्याशिवाय. आणि पाइप फार आखूड कापला तर पीयूसीची नळी आत पुरेशी जात नाही, बाहेरची हवा मिसळते, रीडिंग खोटं येतं.

उजवीकडे सोडायला नियम परवानगी देतो हे खरं, पण मी स्वतः कारला उजवी बाजू सुचवत नाही. ट्रकला ओव्हरटेक करताना उजवीकडच्या पाइपचा गरम फवारा पायावर घेतलेला प्रत्येक बाइकवाला माझ्याशी सहमत होईल. मागे न्या, बंपरच्या बाहेर थोडासा येऊ द्या, आत राहिला तर बंपरचं प्लॅस्टिक वितळतं आणि धूर खालीच घुटमळतो, फार बाहेर आला तर डिकीत सामान ठेवणाऱ्याची नडगी भाजते.

मगाशी एकाने विचारलं की जीपचा पाइप दगडाला लागतो मग करायचं काय. कापू नका. अ‍ॅक्सलच्या वरून बेंड घ्या, चेसिसच्या आतल्या बाजूने वर उचला आणि उजव्या मागच्या कोपऱ्यातून मागे काढा, काम जास्त आहे, दोन वेल्डिंग जास्त लागतात, हँगर एक जास्त लागतो, पण होतं. बाहेर रॅम्पवर तशी एक गाडी चढवून ठेवलीय, टॉर्च घेऊन खाली या, फ्यूएल लाइन कुठून गेलीय ते हात लावून दाखवतो.